आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) पुस्तिका झेरॉक्सवर काढताना

लेखक मंडळाची अहिराणी कवितांची पुस्तिका झेरॉक्सच्या दुकानात काढली की पानं उलटसुलट होतात, नाहीतर मधेच कोरं पान निघतं.

ए४ कागद मधोमध दुमडला की ४ पानं होतात. म्हणून एकूण पानं १६, २०, २४ अशीच बसवा. एखादं उरलं तर त्यावर पुढच्या बैठकीची तारीख टाका. मजकूर ए५ आकारात लावा आणि दुकानात पीडीएफच द्या. वर्डची फाइल तिथल्या संगणकावर उघडली की फॉन्ट बदलतो, ओव्यांच्या ओळी तुटतात. छापताना ‘बुकलेट’ निवडा आणि कागद आखूड कडेवर पलटवा. लांब कड निवडली की मागची पानं डोक्यावर उभी!

खरी अडचण पिनांची. साधा स्टेपलर दुमडीपर्यंत पोचतच नाही. पुस्तिका उघडून थर्माकोलवर पालथी ठेवा, स्टेपलर पूर्ण उघडा, दुमडीवर बाहेरून दोन पिना दाबा. मग हलकेच उचलून आतली टोकं चमच्याच्या पाठीनं मोडा.

आधी एकच प्रत काढा आणि अहिराणी बोलणाऱ्याकडून वाचून घ्या. टाइप करणारे सवयीनं ‘शे’चं ‘आहे’ करून टाकतात.