लाईव्ह साइटवर नवीन व्हर्जन टाकताय? या चुका टाळा

डिप्लॉय केलं की जुना कोड गेला आणि नवा आला असं एका झटक्यात होत नाही, काही सेकंद, कधी काही मिनिटं दोन्ही व्हर्जन एकत्र चालू असतात आणि डेटाबेस दोघांचा एकच. बहुतेक घोळ तिथेच होतात.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे चालू टेबलातल्या कॉलमचं नाव बदलणं. आम्ही ऑर्डरच्या टेबलात 'फोन'चं 'मोबाईल' केलं होतं, मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट) आधी चाललं, जुने प्रोसेस अजून 'फोन'च शोधतायत, चेकआउटवर धडाधड '५००' एरर (सर्व्हरच्या आतली चूक). बरं, रोलबॅक करावा, म्हणजे जुन्या व्हर्जनवर परत जावं, तर जुन्या कोडला लागणारा कॉलमच उरला नव्हता! म्हणून नवा कॉलम आधी नुसता ॲड करा, कोडने काही दिवस दोन्हीकडे लिहू दे, जुना डेटा थोडाथोडा कॉपी करा, मग वाचणं नव्यावर न्या. जुना कॉलम अगदी शेवटी, वेगळ्या डिप्लॉयमध्ये काढा. वेळ लागतो, पण त्या शेवटच्या पायरीआधी कुठूनही मागे येता येतं.

पोस्टग्रेस या डेटाबेसवर इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) टाकताना 'कन्करंटली' हा पर्याय विसरू नका, नाहीतर इंडेक्स बनेपर्यंत त्या टेबलात काहीच लिहिलं जात नाही. आणि मायग्रेशनला लॉक टाइमआउट (टेबलाच्या लॉकसाठी किती वेळ थांबायचं याची मर्यादा) लावाच, कारण एखादा लांबलेला रिपोर्ट चालू असेल तर तुमचं ऑल्टर (टेबल बदलणारी कमांड) त्याच्या मागे थांबतं आणि त्या टेबलावरच्या बाकी सगळ्या क्वेरी त्या ऑल्टरच्या मागे.

डिप्लॉयनंतर काही लोकांनाच पांढरी स्क्रीन दिसतेय? त्यांच्या ब्राउझरमध्ये जुनं पान उघडं आहे, ते जुनी जावास्क्रिप्ट फाइल मागतंय आणि ती तुम्ही उडवलीत. जुन्या फाइल्स आठवडाभर तरी राहू द्या, मुख्य एचटीएमएलला नो-कॅश लावा, म्हणजे ब्राउझर दर वेळी सर्व्हरला विचारूनच ते पान दाखवेल.

एनजिनएक्स या वेब सर्व्हरची कॉन्फिग बदलली तर आधी टेस्ट, मग रीलोड. रीस्टार्ट नको, रीलोडमध्ये जुने वर्कर (रिक्वेस्ट हाताळणारे प्रोसेस) हातातल्या रिक्वेस्ट संपवूनच बंद होतात.

आणि नवा कोड सगळ्या सर्व्हरवर पोचला का ते बघाच. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर ट्रेडिंग कंपनीच्या ८ पैकी एका सर्व्हरवर जुनाच कोड राहिला होता, नव्या कोडने जुना फ्लॅग (फीचर चालू-बंद करणारी खूण) वेगळ्या कामासाठी वापरला होता, त्यामुळे त्या सर्व्हरवर बंद पडलेलं फीचर जागं झालं आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या वर गेले. आम्ही आता प्रत्येक सर्व्हरवर एक छोटा यूआरएल ठेवलाय, तो चालू कमिटचा (कोडच्या नेमक्या आवृत्तीचा) नंबर दाखवतो, सगळीकडे तोच नंबर दिसेपर्यंत डिप्लॉय झालं असं कोणी म्हणत नाही.