4294967297 मूळ संख्या आहे का तपासताय? या चुका टाळा

2 चा 32 वा घात घ्या, त्यात 1 मिळवा, झाली 4294967297 तयार. दिसते साधी, पण हिच्यावर भलेभले घसरलेत, अगदी फर्मासारखा मोठा गणितज्ञसुद्धा.

त्याचं काय झालं, 3, 5, 17, 257, 65537 या सगळ्या मूळ संख्या (2 च्या 1, 2, 4, 8, 16 व्या घातात 1 मिळवून आलेल्या), म्हणून पुढचीही मूळच असणार असं तो धरून चालला. 1732 मध्ये ऑयलर या गणितज्ञाने दाखवून दिलं की ती 641 × 6700417 आहे. पाचदा जमलेला पॅटर्न सहाव्यांदा बिघडू शकतो, आणि 31, 331, 3331 वाली रांग तर याहून डँबिस, 33333331 पर्यंत सगळ्या मूळ आणि पुढच्या 333333331 ला मात्र 17 ने भाग जातो!

बरेच जण काय करतात, अंकांची बेरीज करतात, 59 येते, म्हणजे 3 ने भाग नाही, मग 7, 11, 13 बघतात आणि कंटाळून "मूळ आहे" म्हणून मोकळे होतात. असं नाही चालत. वर्गमूळापर्यंत, म्हणजे इथे 65536 पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. ऑयलरने मात्र शॉर्टकट शोधला होता: या संख्येचा कुठलाही मूळ विभाजक 64 च्या पटीत 1 मिळवूनच येतो. मग उरतात 193, 257, 449, 577, 641... पाचव्यातच काम फत्ते. मला तर हे उत्तरापेक्षा जास्त भारी वाटतं.

आता कॉम्प्युटरवाल्यांसाठी. प्रोग्राममध्ये संख्या टाकली आणि स्क्रीनवर नुसता 1 आला? व्हेरिएबल 32 बिटचा आहे, आणि हिला 33 बिट लागतात (बायनरीत दोन टोकांना 1, मध्ये 31 शून्यं), त्यामुळे वरचा बिट गळून पडतो. 64 बिटचा टाइप घ्या. पण वर्ग करायला गेलात तर तोही पुरत नाही, कारण वर्ग 18446744082299486209 येतो, 20 अंकी. हा वर्ग एक्सेलमध्ये टाकलात तर 15 अंकांनंतर सगळी शून्यंच दिसतील, सेल आधी टेक्स्ट करा तर अंक नीट राहतील, पण मग त्यावर आकडेमोड करायची नाही. पायथॉनमध्ये पूर्ण अंक मिळतात, फक्त भागाकाराला एक तिरकी रेघ न देता दोन द्या, नाहीतर उत्तर दशांशात जातं आणि मोठ्या संख्येचे शेवटचे अंक चुकतात.

आणि हो, फर्माची चाचणी (संख्या मूळ आहे का ते एखाद्या छोट्या संख्येचा, म्हणजे पायाचा, घात घेऊन पटकन बघायची रीत) पाया 2 घेऊन केलीत तर ही संख्या चक्क पास होते! पाया 3 घ्या, लगेच नापास. तरीही 2 वरच थांबणारे कोड सर्रास दिसतात.

शेजारची 4294967295 ही वेगळी, ती 3 × 5 × 17 × 257 × 65537 आहे, तेवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज कंपास-पट्टीने काढता येतो, आपल्या 4294967297 बाजूंचा येत नाही.