लिव्हरचा रिपोर्ट बिघडलाय? आधी पट मोजा

एलएफटीच्या (लिव्हर फंक्शन टेस्ट, यकृताची रक्ततपासणी) कागदावर दहा-बारा ओळी असतात आणि त्यातल्या दोन-तीन ठळक छापून आल्या की नजर तिथेच अडकते. पण या ओळी तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. एसजीपीटी आणि एसजीओटी (काही लॅब एएलटी, एएसटी लिहितात) यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात उतरतात. अल्कलाईन फॉस्फटेज आणि जीजीटी पित्ताची वाट तुंबली की चढतात. यकृत काम किती करतंय ते सांगतात अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते रक्तातलं प्रथिन) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप). गंमत म्हणजे बऱ्याच एलएफटीत आयएनआर नसतोच, तो वेगळा सांगून करून घ्यावा लागतो.

नुसता आकडा बघू नका, कारण लॅबगणिक मर्यादा बदलते. आकड्याला त्याच ओळीतल्या वरच्या मर्यादेने भागा. समजा एसजीपीटी 320 आहे आणि मर्यादा 40, म्हणजे आठ पट. अल्कलाईन फॉस्फटेज 150, मर्यादा 120, म्हणजे सव्वा पट. आता आठला सव्वाने भागा: 6.4. हे उत्तर पाचच्या वर आलं तर इजा मुख्यतः पेशींना आहे. हिपॅटायटिसच्या तपासण्या आणि औषधांची यादी आधी. दोनच्या खाली आलं तर पित्तनलिकेकडे बघायचं, म्हणजे सोनोग्राफी आधी. मधलं आलं तर दोन्ही.

एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असेल तर दारूचा संशय पक्का होतो. त्यात एसजीओटी सहसा तीनशे-चारशेच्या वर जात नाही. आकडा हजारांत गेला तर कारणं मोजकीच: विषाणूची तीव्र कावीळ, पॅरासिटामॉलचा अतिरेक किंवा रक्तदाब कोसळून यकृताचा रक्तपुरवठा तुटणं. उलट, एसजीओटी एकटंच वाढलं असेल तर आदल्या दिवसांतला जोरदार व्यायाम आठवा. हे एन्झाइम स्नायूंतही असतं, म्हणून सोबत सीपीके (स्नायूंच्या इजेची तपासणी) करून घ्या. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तरी ते वाढलेलं दिसतं. अशा वेळी नमुना पुन्हा द्यायचा.

अल्कलाईन फॉस्फटेज हाडांतूनही येतं. वाढीच्या वयातल्या मुलांत ते जास्तच असतं, गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत वारेमुळे चढतं. जीजीटी नॉर्मल असेल तर बोट यकृताकडे नको. जीजीटी मात्र भारी हळवं: दारूने वाढतं, फिट्सच्या काही गोळ्यांनीही वाढतं, त्यामुळे एकट्या जीजीटीवरून निदान होत नाही.

फक्त बिलिरुबिन (काविळीचं पिवळं रंगद्रव्य) वाढलंय, तेही इनडायरेक्ट (यकृताने अजून प्रक्रिया न केलेलं), सहसा तीनच्या आत, आणि बाकी सगळं व हिमोग्लोबिन ठीक? मग बहुधा गिल्बर्ट सिंड्रोम. ही जन्मजात, निरुपद्रवी ठेवण आहे. उपाशीपोटी रक्त दिलं की हा आकडा आणखी चढतो. डायरेक्ट (यकृताने प्रक्रिया केलेलं) बिलिरुबिन वाढलं असेल, लघवी गडद आणि शौच पांढुरकं होत असेल तर प्रकरण वेगळं, तपासणी लगेच.

सगळ्यात जास्त फसवतात ते किरकोळ वाढलेले आकडे. दीड पट आहे, पुन्हा करून बघू, असं म्हणून वर्षं निघून जातात. अशा वेळी फिब-फोर (यकृतातल्या व्रणाचा अंदाज देणारा आकडा) काढा: वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. वय 50, एसजीओटी 60, एसजीपीटी 64, प्लेटलेट दीड लाख. वर 3000, खाली 150 गुणिले 8, म्हणजे 1200. उत्तर 2.5. हे 1.3 च्या खाली असतं तर यकृतात मोठा व्रण (फायब्रोसिस, इजेनंतर उरलेला कडक वण) असण्याची शक्यता कमी, 2.67 च्या वर असतं तर बरीच. मधल्या पट्ट्यात फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करून खात्री करायची. पासष्टीनंतर खालची मर्यादा 2 धरतात, आणि पस्तिशीच्या आत हे गणित भरवशाचं नाही. एसजीपीटी-एसजीओटीचे आकडे नॉर्मल असले म्हणजे सिरॉसिस (व्रणांनी यकृत आक्रसून कडक होणं) नाही असंही नव्हे. तिथे घसरलेल्या प्लेटलेट आधी बोलतात.

दुसरा सापळा याच्या उलटा. तीव्र काविळीत एसजीपीटी हजारावरून तीनशेवर आलं की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. बिलिरुबिन आणि आयएनआरही उतरत असेल तरच ते खरं. ते चढत असतील तर फुटायला पेशीच उरलेल्या नाहीत. आयएनआर 1.5 किंवा जास्त आणि माणूस असंबद्ध बोलतोय, गुंगीत जातोय: त्याच तासाला मोठं रुग्णालय. अल्ब्युमिन इतक्या लवकर पडत नाही, ते रक्तात सुमारे तीन आठवडे टिकतं.

डॉक्टरांकडे जाताना जुने रिपोर्ट आणि गेल्या सहा महिन्यांत घेतलेलं सगळं न्या: गोळ्या, काढे, चूर्णं, जिमचे डबेसुद्धा. कोलेस्टेरॉलची गोळी तीन पटींच्या आतल्या वाढीसाठी सहसा थांबवत नाहीत. क्षयाच्या औषधांचं तसं नाही. ती चालू असताना उलट्या, भूक मरणं किंवा डोळे पिवळे दिसले तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना गाठा.