निवारागृह काढायचंय? जागा सगळ्यात शेवटी बघा

घरातल्या मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांसाठी निवारागृह काढायचं ठरवलेले कार्यकर्ते भेटायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न जागेचा असतो. भाडं किती, खाटा किती. हे काम करता करता माझं मत पक्कं झालंय: आधी माणसं जोडा. संरक्षण अधिकारी (घरगुती हिंसाचार कायद्याखाली अशा बायकांच्या मदतीला सरकारने नेमलेला माणूस), ठाण्यातल्या महिला पोलीस, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील. हा वकील बाईला मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. रात्री अकराला बाई दारात उभी राहते, तेव्हा यातला एक तरी फोन उचलला जायला हवा.

गरज खरी आहे. सरकारी सखी केंद्रात, म्हणजे हिंसाचार सोसलेल्या बायकांना एकाच ठिकाणी मदत देणाऱ्या केंद्रात, फार तर 5 दिवस राहता येतं. सहाव्या दिवशी तिने जायचं कुठे?

धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी झाली, की 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम 10 खाली सेवा पुरवणारी संस्था म्हणूनही नोंदणी करा. नवे लोक हे टाळतात, आणि मला ते फार खटकतं. या नोंदणीमुळे घटनेचा अहवाल तुम्ही स्वतः नोंदवून संरक्षण अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवू शकता. शिवाय सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल नवऱ्याकडच्यांना तुमच्यावर दावा लावता येत नाही.

याच कायद्याखालचा नियम 16 छापून ऑफिसच्या भिंतीवर लावा. तिने अहवाल नोंदवलेला नाही, एवढ्या कारणावरून निवारागृहाला तिला परत पाठवता येत नाही. तिची इच्छा असेल तर ती इथे आहे हे, तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्या माणसाला कळवायचं नाही. पाटी लावू नका, उद्घाटनाचे फोटो टाकू नका, देणगीदारांना घर दाखवायला नेऊ नका. देणगीदार नाराज झाले तरी चालेल.

पहिल्या रात्री हकिकत विचारू नये. जेवण, औषध, कडी असलेली खोली, एवढं पुरे. मोबाइल मात्र लगेच बघावा लागतो, तिच्या परवानगीने. बऱ्याचदा फोन नवऱ्याने घेऊन दिलेला असतो, गूगल खातंही त्यानेच उघडलेलं असतं, आणि ती कुठे आहे ते त्याला घरबसल्या दिसतं. लोकेशन बंद करून, खात्यातून बाहेर पडून मगच तिला आईला फोन करू द्या.

मुलांची शाळा दुसऱ्याच आठवड्यात मार्गी लावा. जुनी शाळा दाखला द्यायला वेळ लावते. पण तेवढ्यावरून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे. मुख्याध्यापकांना शांतपणे कलम 5 दाखवायचं.

काही जणी परत जातात. तेव्हा कार्यकर्त्या चिडतात, कधी रडतात. तिला बोल लावू नका. आम्ही तिच्या संमतीने आधार, मुलांचे जन्मदाखले, दवाखान्याचे कागद यांच्या झेरॉक्स आमच्याकडे ठेवून घेतो. ती पुन्हा आली, की तीच फाइल काढतो आणि सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायला लावत नाही.