हॉप्स फडताळात नको, फ्रीझरमध्ये

घरी बिअर बनवताना आयपीए या कडक हॉप्सच्या बिअरची गोडी लागली की घरात हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांची, पाकिटं वाढतच जातात. मुंबईच्या उकाड्यात ती ओट्याखाली ठेवू नका. उष्णता आणि हवा मिळून त्यांतली कडवटपणा देणारी अल्फा आम्लं आणि सुगंधी तेलं संपवतात. हॉप्सच्या उरलेल्या गोळ्या हवा दाबून काढून घट्ट बंद करा आणि थेट फ्रीझरमध्ये टाका. पावसाळ्यात तर बाहेर काढलेलं पाकीट लगेच उघडू नकाच, दमट हवेचं पाणी गोळ्यांवर धरतं.

वापरण्याआधी एक गोळी बोटांत चुरडून हुंगा. संत्र्याच्या सालीचा, हिरवा ताजा वास आला तर झकास! जुन्या चीजसारखा आला, तर मोह न करता फेकून द्या. सुगंधासाठीचे हॉप्स मात्र गॅस बंद करून, वर्ट (आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) ८० अंशांपर्यंत उतरल्यावरच घाला. उकळीत तो वास वाफेबरोबर उडून जातो.