दिल्लीला जाण्याआधी काय वाचाल

दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या वाचनालयात हमखास कुणीतरी विचारतं, "मॅडम, दिल्लीला चाललोय, दिल्लीवर एखादं चांगलं पुस्तक द्या." मी एक पुस्तक कधीच देत नाही. पृथ्वीराज चौहानांपासून आजपर्यंतचा इतिहास सांगणारा जाड ग्रंथ घेऊन गाडीत बसलात, तर तुघलकांपर्यंत पोचेतो मथुरा येते आणि लाल किल्ल्यासमोर डोक्यात नुसती सनावळी उरते. माझं सांगणं असं, की तीन काळ निवडा: 1760च्या आसपासचा, 1857 आणि 1947. प्रत्येक काळासाठी तेव्हा दिल्लीत राहिलेल्या, तिथे काहीतरी गमावलेल्या माणसाचं लिखाण आधी वाचा. इतिहासकार त्यानंतर.

सुरुवात आपल्याच घरातून करा. विश्वास पाटलांची 'पानिपत' बहुतेकांनी वाचलेली असते. ती कादंबरी आहे हे ध्यानात ठेवून तिच्या जोडीला त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' घ्या. 1760च्या पावसाळ्यात भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली, फौजेच्या खर्चाला पैसा नव्हता, म्हणून लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवून तिची नाणी पाडली. आज तिथे वर बघाल तर रंगवलेलं लाकडी छत दिसतं. हे माहीत नसलेला मराठी माणूस त्या दालनातून पाच मिनिटांत बाहेर पडतो.

मात्र इथेच थांबू नका. मीर तकी मीर हा शायर त्याच काळात दिल्लीत होता. त्याचं फारसीतलं आत्मचरित्र 'ज़िक्र-ए-मीर' इंग्रजीत आलं आहे. अब्दालीच्या फौजेने केलेली लूट त्याने स्वतः सोसली. मराठे त्याच्या लिखाणात येतात ते शहरावरून जाणाऱ्या अनेक फौजांपैकी एक म्हणून. आपल्याला हे टोचतं, टोचायलाच हवं. ज्या शहराने एकामागून एक इतक्या फौजा पाहिल्या, त्याला कुठला झेंडा आपला वाटणार होता? शेजवलकर आणि मीर लागोपाठ वाचले की हा प्रश्न तुमच्या मनात आपोआप उभा राहतो.

ज्यांना जुनी मराठी वाचायची गोडी आहे त्यांनी पारसनिसांनी छापलेली 'दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे' जरूर चाळावीत. ही पेशव्यांच्या वकिलांनी दिल्लीहून पाठवलेली बातमीपत्रं. दरबारात कोण कुणाशी बोललं, पैसा कुठे अडला, सगळं त्यात येतं. मुघल बादशहा शाह आलमला महादजी शिंद्यांनी 1772मध्ये दिल्लीत आणून बसवलं, 1788मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिराने त्याचे डोळे काढले, महादजींच्या फौजेने त्याला पुन्हा गादीवर बसवलं, आणि 1803च्या सप्टेंबरात पटपडगंजच्या लढाईत इंग्रज सेनापती लॉर्ड लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव करून शहर घेतलं. इंग्रजांनी दिल्ली घेतली ती मराठ्यांकडून. शाळेच्या पुस्तकात हे वाक्य इतकं दबलेलं असतं की वाचक मला पुन्हा विचारतात, खरंच का? त्या लढाईचा स्मारकस्तंभ नोएडाच्या गोल्फ कोर्सात उभा आहे.

1857 म्हटलं की मराठी वाचकाचा हात 'माझा प्रवास'कडे जातो. अप्रतिम पुस्तक, पण गोडसे भटजी झाशी-ग्वाल्हेरच्या बाजूला होते, दिल्ली त्यात भेटत नाही. दिल्लीसाठी गालिब वाचा, आणि गझलांआधी पत्रं वाचा. त्या दिवसांची रोजनिशी म्हणून त्याने फारसीत 'दस्तंबू' लिहिलं, पण ते इंग्रजांच्या नजरेस पडावं, पेन्शन सुरू व्हावी, या हेतूने लिहिलेलं आहे, तेव्हा जपून वाचा. मित्रांना लिहिलेल्या उर्दू पत्रांत तो मोकळा होतो. कोणता मोहल्ला पाडला, कोण गेलं, कोण परत येऊ शकत नाही, हे तो शेजाऱ्याशी बोलावं तसं सांगतो. ही पत्रं देवनागरीत मिळतात, अडलेल्या शब्दांसाठी एखादा उर्दू-मराठी कोश जवळ ठेवा. मग लाल किल्ला आणि जामा मशिदीच्या मधल्या मोकळ्या जागेत उभे राहा. ते मैदान मूळचं नाही. तिथली वस्ती 1857नंतर इंग्रजांनी जमीनदोस्त केली. यानंतर विल्यम डॅलरिंपल यांचं 'द लास्ट मुघल' घेतलंत तर त्यातले सामान्य दिल्लीकरांचे अर्ज आणि तक्रारी तुम्हाला परक्या वाटणार नाहीत.

मधल्या काळासाठी दोन कादंबऱ्या पुरतात: अहमद अली यांची 1940मधली 'ट्वायलाइट इन डेल्ही', जिच्यात इंग्रजांच्या 1911च्या दिल्ली दरबाराच्या सुमाराचं जुनं शहर कबुतरांसकट जिवंत आहे, आणि कृष्णा सोबतींची हिंदी 'दिलो-दानिश'. वेळ कमी असेल तर सोबती घ्या, हवेलीतल्या बायकांचं जग तिथे आहे.

आता ज्या पुस्तकासाठी मी खरोखर आग्रह धरते, ते अनीस किदवईंचं 'आज़ादी की छाँव में'. मूळ उर्दू, पण हिंदी आणि इंग्रजीतही आहे. 1947च्या दंगलीत त्यांच्या पतीची मसुरीत हत्या झाली. त्या दिल्लीत गांधीजींना भेटल्या आणि निर्वासितांच्या छावण्यांत काम करू लागल्या. पुराना किल्ला आणि हुमायूनची कबर, आपण तिकीट काढून बघतो त्याच या जागा. तिथे पाकिस्तानात जायला निघालेली किंवा घरातून हाकलली गेलेली हजारो मुसलमान कुटुंबं चिखलात, आजारपणात दिवस काढत होती, आणि त्याच वेळी पंजाबातून लुटले जाऊन आलेले हिंदू आणि शीख शहरात आसरा शोधत होते. अनीसबाई दोन्हीकडचं दुःख एकाच तराजूत तोलतात. स्वतःचा नवरा गमावलेल्या बाईने असं लिहावं, याने मी प्रत्येक वाचनात हलून जाते. हे वाचल्याशिवाय हुमायूनच्या कबरीच्या बागेत जाऊ नका. आजचं लाजपत नगर, राजेंद्र नगर, पटेल नगर कशी वसली हेही मग कळतं.

1984च्या शीखविरोधी हत्याकांडाबद्दल विचारलंत तर मनोज मिट्टा आणि एच. एस. फूलका यांचं 'व्हेन अ ट्री शूक डेल्ही' आहे. जड आहे, प्रवासाच्या तोंडावर वाचू नका, पण कधीतरी वाचाच.

सल्तनतीकडे माझा कल कमी. मेहरौलीत दिवस घालवणार असाल तर राणा सफवींचं 'व्हेअर स्टोन्स स्पीक' हातात असू द्या, ते चालता चालता वाचण्यासारखं आहे.

हे सगळं एका महिन्यात होणार नाही. आठवडाच हाती असेल तर गालिबची पत्रं आणि किदवई, एवढंच. जुनं शहर एका दिवशी, फक्त 1857 डोक्यात ठेवून. हुमायूनची कबर आणि पुराना किल्ला दुसऱ्या दिवशी, 1947 घेऊन. लाल किल्ला सोमवारी बंद असतो आणि बल्लीमारानमधली गालिबची हवेलीसुद्धा, तेव्हा वार बघून आखा. इथे न मिळालेली पुस्तकं तिथे शोधा: उर्दू येत असेल तर जामा मशिदीसमोरचा उर्दू बाजार, हिंदी-इंग्रजीसाठी रविवारी दिल्ली गेटजवळच्या महिला हाटमध्ये भरणारा दर्यागंजचा जुना पुस्तकबाजार. सकाळी लवकर जा आणि रिकामी पिशवी न्या.