गुडघ्याला पट्टा घ्यायचाय? आधी टेप काढा

मिरजेत आमचं सर्जिकलचं दुकान आहे. गाव दवाखान्यांचं, त्यामुळे गिऱ्हाईक जत-कवठेमहांकाळचं तसंच पलीकडच्या, कर्नाटकातल्या अथणी-चिकोडीचंही. काउंटरवर मी असते. "गुडघ्याला पट्टा द्या, चांगल्यातला," हे वाक्य दिवसभर कानावर पडतं. चांगल्यातला म्हणजे जाड आणि महाग, अशी बहुतेकांची समजूत. मी उलट विचारते, गुडघ्याला झालंय काय? डॉक्टरांनी चिठ्ठीवर काय लिहिलंय? कारण एक पट्टा दुसऱ्याहून भारी असा प्रकार इथे नसतोच. एक ऊब देतो, एक बाजूनं धरतो, एक पाय सरळच ठेवतो, एक ठरल्यापेक्षा जास्त वाकू देत नाही. चुकीचा घेतला तर पैसे जातात ते जातात, वर "पट्टा बांधलाय ना" म्हणून मूळ दुखणं अंगावर काढलं जातं.

काही गिऱ्हाइकांना मी पट्टा न देताच परत पाठवते. पडल्यावर किंवा मार लागल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील, गुडघा काटकोनात वाकत नसेल, नुसत्या वाटीवर किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला खाली जे हाडाचं टोक लागतं त्यावर बोट ठेवताच कळ येत असेल, किंवा मार बसलेल्याचं वय 55 किंवा त्यापुढे असेल, तर यातलं एक असलं तरी आधी एक्स-रे. खेळताना पाय पिळला, आतून 'कट्' झालं आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला, तर बहुधा लिगामेंटचं, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या दोरीचं, प्रकरण असतं. तेही हाडांच्या डॉक्टरांना दाखवूनच या. आणि एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली असेल, दुखत असेल, त्यातून नुकतंच प्लास्टर निघालंय किंवा माणूस बरेच दिवस अंथरुणावर होता, तर मोजा नको, पट्टा नको, चोळणं तर नकोच. रक्ताची गुठळी असू शकते. सोबत दम लागत असेल तर थेट इस्पितळ.

आता माल. सगळ्यात जास्त खपते ती नी-कॅप, विणलेली, पायात ओढून घालायची. तिनं ऊब मिळते, थोडा दाब येतो, आणि गुडघा कसा वाकतोय याची जाणीव जरा चांगली राहते, म्हणून चालताना विश्वास वाटतो. बस, एवढंच. सैल झालेलं लिगामेंट ती धरत नाही आणि झिजलेला गुडघा भरून काढत नाही. थंडीत आखडणाऱ्या किंवा थोड्याफार झिजेच्या गुडघ्याला ती पुरते. आषाढी जवळ आली की पायी निघणारे मावशी-काका निघायच्या आदल्या संध्याकाळी नी-कॅप न्यायला येतात. असं करू नका. पंधरा दिवस आधी घ्या, घरात घालून फिरा. गुडघ्यामागच्या खोबणीत शिवण घासते की नाही, ते पहिल्या मुक्कामाला कळून उपयोग नाही.

वाटीवर भोक असलेला सपोर्ट वाटीभोवतीच्या दुखण्यासाठी. जिना उतरताना वाटीखाली टोचतं, त्यांना साध्या कॅपचा दाब कधी कधी उलटा त्रास देतो. भोकामुळे वाटी मोकळी राहते आणि भोवतीची कडी तिला जागेवर धरते. व्हॉलीबॉल आणि लांब उडीवाल्या पोरांना वाटीच्या लगेच खालची जाड शीर दुखते. त्यांना दोन बोटं रुंदीचा छोटा पट्टा येतो. तो बरोबर वाटी आणि नडगीच्या उंचवट्याच्या मधे बसला पाहिजे. बरेच जण तो वाटीवरच बांधतात आणि "फरक पडत नाही" म्हणून परत आणतात.

दोन्ही बाजूंना धातूच्या बिजागऱ्या असलेला हिंज्ड सपोर्ट म्हणजे पुढची पायरी. गुडघा बाजूला कलू नये हे त्याचं काम. आतल्या किंवा बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं असेल तर डॉक्टर हा लिहून देतात. आमच्याकडे कबड्डीची मुलं हाच मागतात. पण कबड्डीत समोरचा तुमचा पाय धरणार, धातू त्याला लागणार, तेव्हा सामन्यात चालतो का ते पंचांना आधी विचारा.

लाँग नी ब्रेस मांडीपासून पोटरीपर्यंत लांब, आत पट्ट्या, गुडघा अजिबात वाकू द्यायचा नाही म्हणून. वाटी मोडली किंवा ऑपरेशन झालं की लागतो. 14, 19, 22 इंच अशा लांब्या येतात. उंच माणसाला आखूड दिला तर गुडघा आतल्या आत वाकतोच.

रॉम ब्रेसला, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वाकू न देणाऱ्याला, मात्र जरा वेळ द्या, कारण हा महाग, काही हजारांत जाणारा, आणि सगळ्यात जास्त चुकीचा घातला जाणारा. एसीएलच्या, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटच्या, किंवा गुडघ्यातल्या गादीच्या ऑपरेशननंतर हा असतो. दोन्ही बाजूंना आकडे कोरलेली चकती असते. एका खुंटीनं पाय किती सरळ होईल ते ठरतं, दुसरीनं किती वाकेल ते. चिठ्ठीवर 0 ते 30, 0 ते 60, 0 ते 90 अंश असं लिहिलेलं असतं आणि ते आठवड्यांनुसार वाढतं. आतली आणि बाहेरची, दोन्ही चकत्या एकाच आकड्यावर हव्यात. चकतीचा मध्य वाटीच्या मध्याच्या रेषेत, जरासा मागे. ब्रेस दोन इंच खाली घसरला की बिजागरी पोटरीशी वाकते, गुडघा वेगळ्याच ठिकाणी वाकतो आणि टाक्यांवर ताण येतो. म्हणून दर वेळी उभं राहिलात की आधी चकती बघा. गुडघ्याच्या लगेच खालचा, पोटरीच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाचा पट्टा नीट बसला तर घसरणं बरंच कमी होतं. खुंट्या घरच्या घरी हलवायच्या नाहीत, "आता बरं वाटतंय" म्हणूनसुद्धा नाही. ऑपरेशननंतर मांडी बारीक होते, त्यामुळे पट्टे मधूनमधून आवळावे लागतात. आत सुती जाळीचा मोजा घातला तर पुरळ येत नाही.

गुडघ्याची आतली बाजू झिजून पाय धनुष्यासारखे वाकलेत, त्यांच्यासाठी भार बाहेर ढकलणारा वेगळा ब्रेस असतो. तो अंगावर माप देऊनच घ्यावा, काउंटरवरून उचलू नये.

माप म्हणजे शर्टाचा नंबर नव्हे. अंगानं बारीक मावशींचा सुजलेला गुडघा एक्सएल निघतो. डब्यावर पायाचं चित्र असतं, कंपनीनं माप कुठे घ्यायचं ते त्यावर दाखवलेलं असतं; काहींचं वाटीच्या मध्यावर, काहींचं वाटीच्या वर इतके सेंटिमीटर. एका कंपनीचा एम दुसरीचा एल असू शकतो. टेप कातडीवर, सपाट, रुतू न देता. जो पाय दुखतोय त्याचंच माप. सूज संध्याकाळी वाढत असेल तर संध्याकाळचं. दोन नंबरांच्या मधे आलात तर दिवसभर घालणाऱ्यानं मोठा घ्यावा.

घातल्यावर दुकानातच चाला, खुर्चीत बसा, एक पायरी चढा-उतरा. पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. अंगठ्याचं नख दाबून सोडा, दोनेक सेकंदांत परत गुलाबी झालं पाहिजे. आणि ते बाहेरच्या बाजूचं हाडाचं टोक पुन्हा हातानं शोधा. त्याला वळसा घालून एक नस अगदी वरून जाते. पट्टा तिच्यावर आवळला तर पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात, पाऊल उचलेनासं होतं. मुंग्या आल्या की लगेच सैल करा. पाऊल लोंबायला लागलं तर वाट बघू नका, डॉक्टर गाठा.

नी-कॅप रात्री काढायची. लाँग किंवा रॉम मात्र डॉक्टर म्हणतील तोवर झोपेतही. झिजलेल्या गुडघ्याला काठी घेतलीत तर दुखऱ्या बाजूच्या उलट्या हातात घ्या, काखेत नाही. आणि फिजिओनं सांगितलेला गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबायचा व्यायाम पट्टा आणला म्हणून सोडू नका. मांडीचे स्नायू तयार झाल्याशिवाय पट्टा सुटत नाही.

घोटा मुरगळला तर साधा क्रेप बँडेजही चालतो, 10 सेंटिमीटर रुंदीचा, गुडघ्याला 15. बोटांकडून वर गुंडाळत या, वरून खाली नाही, नाहीतर सूज पावलात उतरते. व्हेरिकोजचे, म्हणजे पायाच्या फुगलेल्या शिरांसाठीचे घट्ट मोजे सकाळी अंथरुणातून उतरायच्या आधी चढवायचे, आणि मधुमेह असेल किंवा चालताना पोटऱ्या आखडून थांबावं लागत असेल तर पायाचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय घालायचेच नाहीत.

धुताना बिजागऱ्या काढा, वेल्क्रो बंद करा, कोमट पाण्यात साध्या साबणानं हातानं धुवा, न पिळता सावलीत वाळवा. वेल्क्रोत अडकलेले धागे जुन्या टूथब्रशनं निघतात. घामाचा वास बसलेला पट्टा कुठलाच दुकानदार बदलून देत नाही, म्हणून नंबराची शंका असेल तर त्याच दिवशी, डबा आणि बिलासकट या. आणि येताना सैल पायजमा किंवा वर सरकणारा परकर घाला. जीन्सवरून माप निघत नाही.